मुंबईचं अक्षवृत्त धरून जगाचा नकाशा कसा पाठ करावा

माझ्या भाचीने परीक्षेसाठी देश, राजधानी, चलन असा मोठा तक्ता घोकला होता. पंधरा दिवसांनी गिरगावातल्या घरी विचारलं, तर निम्म्याहून जास्त नावं गेलेली. दोष तिच्या स्मरणशक्तीचा नव्हता. त्या नावांना अडकवायला खुंटीच नव्हती. ती खुंटी आपल्या मुंबईची घ्यावी, मग जग आपोआप जागेवर बसू लागतं.

साहित्य फार लागत नाही. एक पृथ्वीगोल, हातभर शिवणाचा दोरा आणि जगाचे चार-पाच कोरे नकाशे. पृथ्वीगोलाऐवजी मोबाइलवरचा नकाशा घेऊ नका. का, ते पुढे दोऱ्याने दिसेल.

आधी मुंबई शोधा. ती साधारण 19 अंश उत्तर अक्षवृत्तावर आणि 73 अंश पूर्व रेखावृत्तावर आहे. तिथे बोट टेकवा, बोट हलू न देता गोल डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा आणि बोटाखाली येईल त्या देशाचं नाव मोठ्याने म्हणा. समुद्र ओलांडल्यावर पहिली जमीन कुठली लागेल, हे आधी घरातल्यांना विचारा. बहुतेक जण आफ्रिका म्हणतात, पण लागतो तो ओमान. त्यानंतर सौदी अरेबियाचं वाळवंट, तांबडा समुद्र, सुदान, चाड, नायजर, माली, मॉरिटानिया. अटलांटिक ओलांडला की डोमिनिकन प्रजासत्ताक आणि हैती ही एकाच बेटावरची दोन राष्ट्रं, मग मेक्सिको. पॅसिफिकमध्ये हवाईचं सर्वांत मोठं बेट, पुढे चीनचं हैनान, व्हिएतनाम, लाओस, थायलंड, म्यानमार. बंगालचा उपसागर पार करून बोट आंध्र-ओडिशाच्या सीमेजवळ भारतात शिरतं आणि नांदेड, अहिल्यानगर करत घरी येतं. ही फेरी रोज एकदा, आठवडाभर करा.

दुसऱ्या आठवड्यात नुसती नावं नकोत, कारणं शोधा. खरा भूगोल इथे सुरू होतो. मेक्सिको सिटी जवळपास आपल्याच अक्षवृत्तावर, तरी तिथे मुंबईसारखा उकाडा नाही, कारण ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे. मॉरिटानियाची राजधानी न्वाकशॉट आपल्यासारखीच समुद्राकाठी, पण तिथे पाऊस अगदी नावापुरता. मुंबईत वर्षाला 2,000 मिलिमीटरहून जास्त पडतो. आपल्याकडे नैर्ऋत्येचे वारे अरबी समुद्रावरून बाष्प भरून आणतात आणि सह्याद्री त्यांना वर चढवतो. तिकडे वर्षाचा बराच काळ सहाराच्या जमिनीवरून येणारा कोरडा वारा असतो. समुद्र जवळ असून भागत नाही, वारा कुठून येतो ते पाहावं लागतं. हे एकदा कळलं की न्वाकशॉट विसरायला होत नाही.

आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. डहाणू-घोलवडचा चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. मेक्सिकोचा युकातान द्वीपकल्प आणि डहाणू यांचं अक्षवृत्त जवळजवळ सारखंच, 20 अंशांच्या आसपास. चिकू खाताना मुलांना हे जरूर सांगा.

आता दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून घट्ट ताणा. दोरा सरळ पश्चिमेला जात नाही. रशियावरून वर चढतो, स्वीडन, आइसलँड ओलांडतो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला चिकटून खाली उतरतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग, सुमारे 12,500 किलोमीटरचा. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे दिसत नाही. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने 1569 साली खलाशांसाठी तयार केलेल्या पद्धतीत दिशा अचूक राहतात, पण ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. त्यामुळे ग्रीनलँड भारताच्या कितीतरी पट वाटतं. प्रत्यक्षात ते सुमारे 21.7 लाख चौरस किलोमीटर, भारत जवळपास 32.9 लाख.

रेखावृत्तांसाठी घड्याळ वापरा. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला 4 मिनिटं. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंशांवरची, मुंबई त्याच्या जवळपास 10 अंश पश्चिमेला. म्हणून आपला सूर्य साधारण 39 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. गच्चीत काठी उभी करून बघा, सर्वांत आखूड सावली बाराला नाही, साडेबारा-पाऊण वाजण्याच्या सुमारास पडते. ऋतूप्रमाणे थोडं मागेपुढे होतं. मेच्या मध्याला एक दिवस तर त्या वेळी काठीला सावलीच उरत नाही.

दर रविवारी कोऱ्या नकाशावर आधी 19 अंशांची रेघ ओढा आणि आठवतील ते देश तिच्यावर लिहा. पेपरात नवं नाव आलं, की ते रेघेच्या वर की खाली, मुंबईच्या पूर्वेला की पश्चिमेला, एवढंच ठरवून ठिपका द्या आणि मग गोलावर पडताळा. चुकलेला ठिपका खोडू नका. शेजारी लाल पेनाने बरोबर जागा दाखवा. भाचीच्या पहिल्या नकाशात हैती आफ्रिकेत होतं, तो लाल बाण तिने अजून जपून ठेवलाय.