निर्णयाआधीची प्रार्थना : ख्रिस्ती जीवनात शहाणपण कसे मिळवावे

सांगली-मिरजेच्या मंडळ्यांमध्ये पाळकांकडे किंवा वडीलधाऱ्यांकडे जे प्रश्न येतात, त्यांतील फारच थोडे ‘हे पाप आहे की नाही’ अशा स्वरूपाचे असतात. चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये, हे संडे स्कूलमधल्या मुलालाही ठाऊक असते. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. मेहुणा पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहा म्हणतो. मुलीला पुण्याहून चांगले स्थळ आले आहे, पण तिच्या शिक्षणाचे एक वर्ष बाकी आहे. २०१९ च्या महापुरात पाण्याखाली गेलेले घर तिथेच दुरुस्त करून राहावे की विकून उंचावर जावे, हे ठरत नाही. अशा वेळी दोन्ही वाटा निर्दोष असू शकतात आणि तरीही त्यांतील एक घर मोडणारी ठरू शकते. आज्ञा पाळणाऱ्या माणसालाही शहाणपणाची गरज पडते ती इथे.

पवित्र शास्त्र या गरजेला किती मोल देते, हे इस्राएलच्या शलमोन राजाच्या गोष्टीवरून समजते. गिबोन येथे देवाने त्याला स्वप्नात ‘हवे ते माग’ म्हटले, तेव्हा त्याने दीर्घायुष्य, संपत्ती किंवा शत्रूंचा नाश मागितला नाही. लोकांचा न्याय करता यावा आणि बरेवाईट ओळखता यावे, असे अंतःकरण मागितले. ही गोष्ट आपण सगळेच ऐकत आलो आहोत, परंतु तिचा शेवट व्यासपीठावरून क्वचितच सांगितला जातो. त्याच शलमोनाचे मन म्हातारपणी इतर देवांकडे वळले, असे पहिल्या राजांच्या अकराव्या अध्यायात लिहिले आहे. म्हणून शहाणपण हे एकदा मिळाले की कपाटात ठेवून देण्याचे प्रमाणपत्र समजू नये. ज्या भयातून ते सुरू होते, ते परमेश्वराचे भय रोजच्या रोज जपावे लागते.

हे भय म्हणजे शिक्षेचा धसका नव्हे. कोणी पाहत नसतानाही देव पाहतो आहे असे मानून वागणे, एवढा त्याचा साधा अर्थ रोजच्या व्यवहारात धरता येतो. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, असे शास्त्रातील ‘नीतिसूत्रे’ हे पुस्तक सांगते. ज्या सांगली शहरात हळदीचा इतका मोठा बाजार भरतो आणि वजनकाट्यावर असंख्य कुटुंबांचे पोट अवलंबून आहे, तिथे हे वचन वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जो काट्यात प्रामाणिक नाही, त्याने मोठ्या निर्णयासाठी मार्गदर्शन मागावे आणि ते त्याला मिळावे, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

मागणे केव्हा आणि कसे

ज्याला ज्ञान उणे आहे त्याने देवाजवळ मागावे, तो दोष न लावता उदारपणे देतो, असे याकोब आपल्या पत्राच्या आरंभीच सांगतो. आपण मागतो, यात शंका नाही. परंतु आपल्यापैकी पुष्कळजण निर्णय आधी घेतात आणि मग त्यावर आशीर्वाद मागतात. साखरपुड्याची तारीख ठरल्यावर प्रार्थना होते, जमिनीचा इसार दिल्यावर प्रार्थना होते. यिर्मयाच्या बेचाळिसाव्या अध्यायात अगदी असेच लोक भेटतात. यरुशलेम पडल्यावर मागे उरलेले यहूदी संदेष्ट्याकडे येऊन म्हणाले की, आमच्यासाठी देवाला विचार, उत्तर बरे असो वा वाईट, आम्ही ऐकू. दहा दिवसांनी उत्तर आले की, मिसरात जाऊ नका. त्यांनी यिर्मयालाच खोटे ठरवले आणि ते मिसरात गेले, कारण जायचे आधीच ठरलेले होते.

हे टाळण्यासाठी एक साधी पद्धत उपयोगी पडते. वहीच्या पानावर प्रश्न एका वाक्यात लिहावा आणि त्याखाली ‘मला मनातून काय हवे आहे’ हेही प्रामाणिकपणे लिहावे. मग आपल्या इच्छेच्या विरुद्ध उत्तर आले तर ते स्वीकारण्याची तयारी आहे का, हे प्रार्थनेत देवासमोर आधी स्पष्ट करावे. ती तयारी नसेल, तर पहिली प्रार्थना त्या तयारीसाठीच असावी. निर्णयाची तारीख ठरवून घ्यावी आणि त्याआधी कोणालाही शब्द देऊ नये. ‘विचार करून सांगतो’ एवढे म्हणायला आपल्याकडे संकोच वाटतो, विशेषतः समोर सोयरा असेल तर. पण हा संकोच बाजूला ठेवायला शिकले पाहिजे.

वाचन

नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय आहेत, म्हणून रोज एक याप्रमाणे ते महिन्यात संपवण्याची प्रथा अनेक घरांत आहे. पहिल्या नऊ अध्यायांसाठी ती चांगली आहे, कारण तिथे बाप मुलाला समजावतो आहे आणि बोलणे सलग चालते. दहाव्या अध्यायापासून मात्र बहुतेक ठिकाणी दोन-दोन ओळींची सुटी वचने येतात, आणि ती एका दमात वाचली की एकही मनात राहत नाही. तिथे दिवसाला एकच वचन घ्यावे आणि त्या दिवशीच्या एखाद्या प्रत्यक्ष कामाशी ते जोडून पाहावे. सव्विसाव्या अध्यायातील चौथे आणि पाचवे वचन आवर्जून शेजारी ठेवून वाचावे : एक म्हणते मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, दुसरे म्हणते दे. दोन्ही खरी आहेत. कोणते केव्हा लागू होते हे ओळखणे आपल्यावर सोडलेले आहे, आणि तो विवेक पाठांतराने येत नाही.

दुसरी काळजी अशी घ्यावी की, नीतिसूत्रे एकटी वाचू नयेत. उद्योगी माणसाची भरभराट होते, हे साधारणपणे खरे आहे. पण गारपिटीत द्राक्षबाग गेलेल्या तासगावच्या शेतकऱ्याला हेच वचन सुनावणारा माणूस, संकटात सापडलेल्या ईयोबालाच दोष देणाऱ्या त्याच्या मित्रांच्या रांगेत जाऊन बसतो. ते मित्र सात दिवस गप्प बसले तोपर्यंत त्यांचे ठीक होते. म्हणून ईयोब आणि उपदेशक ही पुस्तकेही सोबत वाचावीत, आणि शुभवर्तमाने तर वाचावीतच, कारण ज्ञानाचे सर्व निधी ख्रिस्तात आहेत असे कलस्सैकरांस लिहिले आहे.

वाचनाला घाई नसावी, याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांनी आयुष्याच्या शेवटच्या काळात, १९१७ मध्ये, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हे ख्रिस्तभक्तांचे मंडळ उभे केले, त्यांना आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार दिला होता. मत्तयातील डोंगरावरील प्रवचनाशी ते पोचले आणि ती पाने त्यांना सोडवेनात. तरीही त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर साधारण दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. इतक्या मोठ्या निर्णयाआधी त्यांनी स्वतःला विचार करायला वेळ दिला होता.

सल्ला कोणाचा घ्यावा

मसलतीवाचून बेत मोडतात, असे शास्त्र सांगते, आणि इथेच आपले कुटुंबीय वळण आड येते. आपण सल्ला घेतो, पण तो होकार देणाऱ्यांचाच घेतो. शलमोनाचा मुलगा रहबाम याने राजा झाल्यावर वडीलधाऱ्यांचे ऐकून घेतले, मग ते टाकून आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांचे मानले, आणि राज्य दुभंगले. उलट मोशेने सासऱ्याचे, मिद्यानी इथ्रोचे, ऐकले आणि न्यायाचे ओझे वाटून दिले; प्रत्यक्ष देवाशी बोलणाऱ्या माणसालाही सासऱ्याचा व्यवहारी सल्ला कमीपणाचा वाटला नाही. सल्लागार निवडताना त्या व्यवहारात त्याचा स्वतःचा काही लाभ नाही ना, हे पाहावे. निदान एक माणूस नात्याबाहेरचा असावा, आणि एक असा असावा ज्याने पूर्वी कधीतरी आपल्याला तोंडावर ‘नाही’ म्हटले आहे. कागदपत्रांचा प्रश्न असेल तर वकिलाला आणि आजाराचा असेल तर डॉक्टरला विचारणे हा अविश्वास नव्हे.

आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगाविशी वाटते. घरातील स्त्रीला न विचारता घेतलेले निर्णय आपल्या ख्रिस्ती घरांतही कमी नाहीत. नाबालाच्या उद्धटपणाने सगळ्या घरावर दावीदाची तलवार आली असता ती परतवली त्याची बायको अबीगईल हिने, आणि पुढे राजा झालेल्या दावीदासारख्या योद्ध्याने तिच्या विवेकाबद्दल देवाचे आभार मानले. घरखर्च जी चालवते, तिला कर्जाचा हप्ता झेपेल की नाही हे बहुधा सर्वांत आधी कळते.

जामीनकीचे उदाहरण

नीतिसूत्रांत जामीन राहण्याविषयी पुन्हा पुन्हा इशारा आहे. फेडायला काही नसेल तर अंगाखालचे अंथरूण नेले जाईल, इतक्या स्पष्ट शब्दांत बाविसावा अध्याय बोलतो. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘नुसती सही तर करायची आहे’ हे म्हणणे म्हणूनच खरे नसते. तेव्हा कर्ज किती, कशासाठी, आधीचे किती थकले आहे, हे कागदावर पाहावे आणि एकच कसोटी लावावी : ही रक्कम उद्या मला एकट्याला भरावी लागली, तर माझ्या मुलांच्या तोंडचा घास न काढता मी ती भरू शकेन का? उत्तर ‘नाही’ असेल तर सही करू नये. परंतु तिथेच थांबूही नये, कारण हाती असताना गरजवंताचे हित रोखू नको, असेही हेच पुस्तक सांगते. जेवढे परत न आले तरी चालेल, तेवढे पैसे हातात द्यावेत, त्याच्यासोबत बसून हिशेब पाहावा, आणि नकार स्वतः समोर जाऊन सौम्यपणे द्यावा. दुसऱ्याकडून निरोप पाठवू नये.

मिळालेले शहाणपण वरूनचे आहे का

याची परीक्षा याकोबाच्या तिसऱ्या अध्यायात दिली आहे : वरून येणारे ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजूत मानणारे, दयेने भरलेले आणि पक्षपात नसलेले असते. मंडळीच्या पंचांच्या बैठकीत कोणाचा मुद्दा बरोबर होता, याइतकेच तो मुद्दा मांडणाऱ्याची समजूत घालता येत होती का, हे महत्त्वाचे आहे. बोलण्याआधी ऐकणे आणि व्हॉट्सॲपच्या गटात रागाने लिहिलेला मजकूर एक रात्र थांबवून सकाळी पुन्हा वाचणे, या दोन सवयी लावून घेतल्या तरी अनेक भांडणे टळतील.

ठरवलेली तारीख आली आणि तरीही मन स्पष्ट झाले नाही, तर दोन्ही वाटा शास्त्राला धरून आहेत याची खात्री करून एक निवडावी आणि कामाला लागावे; रोज मागे वळून स्वतःवर संशय घेऊ नये. पुढे निर्णय चुकला असे दिसले, तर वहीतील ते पान काढून कोणती गोष्ट विचारायची राहिली ते त्याखाली लिहावे.

घरात दहा-बारा वर्षांची मुले असतील तर त्यांना या चर्चेला बसू द्यावे. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत आणि प्रश्न विचारत होता, आणि तो ज्ञानाने वाढत गेला, असे लूक लिहितो. मुलांपासून कर्जाचे आणि पगाराचे आकडे लपवू नयेत. कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी प्रश्न त्यांच्या भाषेत मांडावा, त्यांचे मत शेवटी न घेता आरंभी घ्यावे, कारण मोठ्यांचे ऐकल्यावर ती मनातले बोलत नाहीत, आणि निर्णय झाल्यावर तो का घेतला हे त्यांना कारणासह सांगावे.