मेलिंग लिस्टची मेल अडते कुठे: नव्या सिस्टिम ॲडमिनसाठी

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कसारख्या ठिकाणी लहान कंपनीत लागलात, तर मेलसाठी वेगळा माणूस मिळेल ही आशा सोडा. ज्याला लिनक्स येतं त्याच्याच गळ्यात मेल सर्व्हर पडतो. आमच्याकडे एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची मेलिंग लिस्ट आहे, म्हणजे एका पत्त्यावर मेल टाकली की ती सगळ्या सदस्यांना जाते. तिथून तक्रार आली: "दादा, याहूवाल्यांच्या मेल येऊनच नाही राहिल्या. बाकीच्यांच्या बरोबर येतात." निम्मं निदान या वाक्यातच आहे. नवी पोरं मात्र आधी सर्व्हर रीस्टार्ट करतात.

त्यापेक्षा अडलेल्या मेलचा हेडर उघडा. मेल खरंच त्या डोमेनची आहे का, हे तपासणाऱ्या तीन पद्धतींचा निकाल तिथे असतो: एसपीएफ पास, डीकिम फेल, डीमार्क फेल असं दिसेल. एसपीएफ बघतं ते पाकिटावरचा, म्हणजे वाचणाऱ्याला सहसा न दिसणारा परतीचा पत्ता, आणि पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का. लिस्ट तिथे स्वतःचा पत्ता घालते, म्हणून पास. पण पास होतं ते लिस्टचं डोमेन. डीकिम ही पाठवणाऱ्याच्या डोमेनने विषय, मजकूर वगैरेंवर केलेली सही. लिस्टने विषयात चौकटी कंसातलं नाव आणि खाली "सदस्यत्व रद्द करण्यासाठी" ही ओळ (फूटर) जोडली, की सही मोडली. मग डीमार्क विचारतं, फ्रॉममध्ये दिसणाऱ्या डोमेनशी यातलं काय जुळतं? काहीच नाही. त्या डोमेनचं धोरण 'रिजेक्ट' असेल तर मेल बहुधा परत. याहूने एप्रिल 2014 मध्ये हे धोरण लावलं, तेव्हा जगभरच्या लिस्टा कोलमडल्या होत्या.

खरी गंमत पुढे आहे. परत आलेली मेल मेलमॅन, म्हणजे लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर, ती ज्या सदस्याला जात होती त्याच्या खात्यावर बाउन्स म्हणून मांडतो. मर्यादा ओलांडली की त्याला मेल पाठवणंच बंद. भांडण याहूचं धोरण आणि आपल्या फूटरचं, नाव कटतं ती मेल ज्याला जात होती त्या बिचाऱ्या जीमेलवाल्याचं! म्हणून खालचा उपाय केल्यावर बंद पडलेले सदस्य हाताने चालू करायला विसरू नका.

उपाय दोन. फ्रॉममध्ये लिस्टचाच पत्ता टाकायचा. मेलमॅनमध्ये याला 'मंज फ्रॉम' म्हणतात. किंवा विषय आणि मजकूर दोन्ही जसेच्या तसे ठेवायचे, म्हणजे सही टिकते. मला दुसरा आवडतो, पण फूटर काढायचं म्हटलं की कमिटीवाले अडून बसतात. शिवाय पाठवणाऱ्याच्या डोमेनने मुळात सहीच केली नसेल, तर तो उपाय कामाचा नाही. 'मंज फ्रॉम' घातलंत तर लिस्टच्या डोमेनची स्वतःची डीकिम सहीही लावा. एआरसी नावाची सोय, म्हणजे मधल्या सर्व्हरने आधीच्या तपासणीचा निकाल सहीनिशी पुढे पाठवणं, 2019 मध्ये प्रायोगिक मानक म्हणून आली, पण समोरच्या सर्व्हरने तुमच्यावर विश्वास ठेवला तरच तिचा उपयोग. छोट्या लिस्टने तिच्या भरवशावर राहू नये.

मुलाखतीत मी फुल फॉर्म विचारत नाही. एसपीएफ पास होऊनही डीमार्क फेल कसं होतं, एवढंच विचारतो. सरावासाठी एक स्वस्त डोमेन आणि छोटा सर्व्हर घ्या. फक्त पैसे भरण्याआधी तिथे पोर्ट 25 (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो) उघडा मिळतो का ते विचारा, बरेच क्लाउडवाले तो बंद ठेवतात.