रिकाम्या खुर्चीशी बोलताना

समोरच्या रिकाम्या खुर्चीत कुणी बसलंय असं मानून त्याच्याशी बोलायचं, हे तंत्र मी गटात नेहमी वापरते. जेकब मोरेनो यांनी ते सायकोड्रामात (मनातलं अभिनयातून मांडण्याच्या उपचारपद्धतीत) आणलं आणि पुढे फ्रिट्झ पर्ल्स यांनी गेस्टाल्ट थेरपीत (आत्ता, इथे काय जाणवतंय यावर भर देणाऱ्या मानसोपचारात) रुजवलं. मानसिक आघात ताजा असेल तर मात्र प्रशिक्षित थेरपिस्टशिवाय हे करू नका.

आधी १० मिनिटं अंग मोकळं करा. मग समोर खुर्ची ठेवा. तिथे कोण बसलंय, किती लांब, हे बोलणाऱ्यालाच ठरवू द्या. एका ताईंनी वडिलांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. बराच वेळ त्या तिच्या पाठीशीच बोलत राहिल्या, मग उठून स्वतःच ती वळवली. अशा वेळी मध्ये बोलू नका, अगदी धीर द्यायलाही नाही. नंतर बोलणाऱ्याची जागा बदला: त्याला समोरच्या खुर्चीत बसवा आणि त्या व्यक्तीच्या भूमिकेतून उत्तर येऊ द्या.

शेवटी भूमिका उतरवायचीच: हात झटका, स्वतःचं नाव मोठ्याने घ्या, खुर्ची उचलून बाजूला ठेवा.