अमेरिकेत विद्यापीठ बदलताय? या चुका टाळा

अमेरिकेत पदवीच्या मध्येच विद्यापीठ बदलणं ही रुळलेली वाट आहे. कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) दोन वर्षं करून मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाणारी मुलं तिथे हजारोंनी असतात. भारतात एक-दोन वर्षं शिकून तिकडे जाऊ पाहणारी आपली मुलंही आता या वाटेची चौकशी करतात. त्यांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात : जीपीए (ग्रेडची सरासरी) किती लागतो, निबंध कसा लिहायचा, अमुक विद्यापीठ घेईल का. हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण प्रवेश मिळाला, आनंद झाला आणि मग पदवीला आणखी वर्ष-दीड वर्ष लागणार हे कळलं, असं ज्यांचं होतं त्यांची अडचण या प्रश्नांत नसतेच. आतापर्यंत शिकलेला प्रत्येक विषय नव्या पदवीत नेमका कुठे बसणार, हे त्यांनी आधी विचारलेलं नसतं.

‘क्रेडिट मान्य झाली’ एवढ्यावर निश्चिंत होणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

अमेरिकेच्या संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसनं २०१७ साली एक अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात ज्यांनी कॉलेज बदललं, त्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारी, पदवीसाठी मोजली जाणारी एककं) वाया गेली, असा त्यातला अंदाज होता. एका सरकारी कॉलेजातून दुसऱ्या सरकारी कॉलेजात, म्हणजे सगळ्यात सरळ वाटेनं जाणाऱ्यांचंही नुकसान ३७ टक्के होतं. आकडे जुने असले, तरी क्रेडिट वाया जाण्याची कारणं अजूनही तीच आहेत.

विद्यापीठ तुमचे विषय दोन पायऱ्यांवर तपासतं. आधी पाहतं, की हा विषय आपल्याकडे क्रेडिट म्हणून घ्यायचा का. मग तुमचा विभाग ठरवतो, की तो मेजरच्या (पदवीच्या मुख्य विषयाच्या) सक्तीच्या विषयांपैकी कशाची जागा घेईल. पहिल्या पायरीवर ‘हो’ आणि दुसऱ्यावर ‘नाही’ असं सर्रास होतं. तसं झालं की तो विषय नुसता ‘इलेक्टिव्ह’ (ऐच्छिक) म्हणून नोंदला जातो. पदवीला साधारण १२० सेमिस्टर क्रेडिट लागतात, पण त्यातली इलेक्टिव्हची जागा मोजकीच असते. ती भरली की पुढची क्रेडिट कागदावर दिसतात आणि पदवी मात्र एका विषयानंही जवळ येत नाही.

उदाहरण घ्या. इंजिनिअरिंगला जायचंय आणि पहिल्या कॉलेजात फिजिक्स केलंय, पण कॅल्क्युलस न वापरता शिकवला जाणारा सोपा कोर्स. क्रेडिट मिळेल, पण इंजिनिअरिंग विभाग बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्सच मागतो. म्हणजे ते पुन्हा करायचं. फिजिक्स झाल्याशिवाय सर्किट्स किंवा मेकॅनिक्स घेता येत नाही, ते झाल्याशिवाय तिसऱ्या वर्षाचे विषय उघडत नाहीत. आधीचा एक कोर्स चुकला म्हणून अख्खं वर्ष सरकतं, ते असं. कॉम्प्युटर सायन्समध्ये डेटा स्ट्रक्चर्स आणि डिस्क्रीट मॅथ्सचं, तर विज्ञान शाखांत प्रयोगशाळेशिवाय केलेल्या विषयांचं असंच होतं.

यावर उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. जिथे अर्ज करायचाय तिथल्या पदवीचा चार वर्षांचा आराखडा विद्यापीठाच्या कॅटलॉगमधून काढा आणि आपला एकेक विषय त्यासमोर लिहून पाहा. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जायचं असेल तर ‘असिस्ट’ हे अधिकृत संकेतस्थळ कोणता कोर्स कशाच्या बदल्यात चालतो ते विषयवार दाखवतं. इतर अनेक राज्यांत आणि विद्यापीठांतही असे तक्ते आहेत. तक्त्यात नसलेल्या विषयाबद्दल विभागाच्या सल्लागाराला ईमेल करा, कोर्सचा कोड आणि सिलॅबस जोडा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरचं ‘हो, चालेल’ नंतर कुणालाही आठवत नाही.

प्रत्येक विषयाचा सिलॅबस पहिल्या दिवसापासून जपा : आठवडावार विषय, पुस्तकाचं नाव, प्रयोगाचे तास, गुणांची विभागणी. भारतातून जाणाऱ्यांनी आपल्या विद्यापीठाचा त्या-त्या वर्षाचा अभ्यासक्रम शिक्क्यासह घेऊन ठेवावा. तिकडे गेल्यावर इथल्या परीक्षा विभागातून कागद काढणं फार जिकिरीचं होतं.

एखादा विषय नाकारला गेलाच तर तो शेवटचा शब्द नसतो. बहुतेक विद्यापीठांत पुनर्विचाराचा अर्ज करता येतो. पण तो प्रवेश कार्यालयात रेंगाळू देऊ नका; ज्या विभागाचा विषय आहे त्या विभागापर्यंत न्या. तिथला प्राध्यापक सिलॅबस वाचून निर्णय घेतो आणि चांगला तपशीलवार सिलॅबस असेल तर निकाल बदलतोही.

आणखी एक. काही विद्यापीठं सेमिस्टरवर (वर्षात दोन सत्रं) चालतात, काही क्वार्टरवर (वर्षात तीन छोटी सत्रं). १ सेमिस्टर युनिट (क्रेडिट) म्हणजे १.५ क्वार्टर युनिट. आकड्यांचा हिशेब सोपा आहे. खरी अडचण अर्धवट मालिकेची होते. क्वार्टर पद्धतीत कॅल्क्युलस किंवा केमिस्ट्री तीन तुकड्यांत असते. त्यातले दोनच तुकडे करून सेमिस्टरच्या विद्यापीठात गेलात तर दुसऱ्या सेमिस्टरचा कोर्स अर्धा शिकलेला असूनही पूर्ण करावा लागू शकतो. मालिका सुरू केलीत तर ती संपवूनच निघा.

दार उघडं आहे का, हे न बघता अर्ज करणं

ट्रान्स्फर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मध्येच येणारे विद्यार्थी, घेण्याबाबत प्रत्येक विद्यापीठाचं धोरण अगदी वेगळं असतं. प्रिन्स्टननं १९९० नंतर ट्रान्स्फर प्रवेश बंदच ठेवले होते, ते २०१८ मध्ये पुन्हा सुरू केले. याउलट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना अग्रक्रम देते आणि तिच्या सहा कॅम्पसवर (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ) ठरलेल्या अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो या हमीत नाहीत. हमीचा अर्ज सप्टेंबरमध्ये आणि एकाच कॅम्पससाठी करायचा असतो. मुख्य अर्ज त्यानंतर वेगळा. हमीचा अर्ज केला म्हणजे काम झालं असं समजून मुख्य अर्ज राहिला, तर हमी कामाची राहत नाही.

मेजरचंही बघा. विद्यापीठ ट्रान्स्फर घेतं, पण कॉम्प्युटर सायन्ससारख्या विभागात जागाच नाहीत, असं पुष्कळदा असतं. ‘आधी दुसऱ्या मेजरमध्ये शिरू, मग बदलू’ ही युक्ती फार मुलांना अडचणीत आणते, कारण बऱ्याच ठिकाणी गर्दीच्या मेजरमध्ये आतून बदल जवळजवळ मिळतच नाही. मला विचाराल तर ज्या मेजरमध्ये शेवटपर्यंत शिकायची तयारी आहे त्यातच अर्ज करावा.

आधीचं कॉलेज लपवणं, मार्क स्वतः बदलणं

एखाद्या कॉलेजात एक उन्हाळी कोर्स केला, तो बिघडला, म्हणून अर्जात त्याचा उल्लेख टाळायचा : हे करू नका. अर्जात आधीच्या सगळ्या संस्थांची माहिती मागितलेली असते आणि लपवलेलं नंतर उघड झालं तर दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो. वाईट मार्कांपेक्षा हे कितीतरी वाईट.

भारतीय मार्कांबाबत उलटी चूक होते. ६२ टक्के म्हणजे तिकडे ‘डी’ ग्रेड, असं समजून मुलं घाबरतात आणि कुठल्यातरी ऑनलाइन गणनयंत्रानं जीपीए काढून अर्जात भरतात. तसं करू नका. आपल्याकडचा फर्स्ट क्लास ६० टक्क्यांना सुरू होतो हे परदेशी गुणपत्रिका तपासणाऱ्यांना माहीत असतं. अर्जात वेगळं सांगितलं नसेल तर मार्कलिस्टवर आहेत तसेच गुण लिहा. काही विद्यापीठं स्वतः तपासतात, काही वेससारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन मागतात. तुमचं विद्यापीठ काय मागतं ते आधी पाहा, मगच पैसे भरा.

निबंधात जुन्या कॉलेजवर राग काढणं

प्राध्यापक चांगले नव्हते, वातावरण नव्हतं, गाव लहान होतं. हे सगळं खरं असेलही, पण वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. तिथे मिळणाऱ्या गोष्टींचा तुम्ही काय उपयोग केलात आणि पुढचं कोणतं शिक्षण तिथे मिळणं शक्य नाही, हे लिहा. ‘सागरी जीवशास्त्रात काम करायचंय, माझ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षापुढे त्याचा एकही कोर्स नाही’ हे एक वाक्य पानभर तक्रारीपेक्षा जास्त वजनदार आहे. शिफारसपत्रंही शाळेतल्या नव्हे, कॉलेजातल्या प्राध्यापकांची लागतात. म्हणून पहिल्या सेमिस्टरपासून ऑफिस अवर्समध्ये (प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखलेल्या वेळात) जाण्याची सवय लावा.

प्रवेश मिळाल्यावरचं शेवटचं सेमिस्टर सैल सोडू नका. प्रवेश सशर्त असतो. न कळवता विषय सोडला किंवा ग्रेड कोसळले तर तो परत घेतला जाऊ शकतो.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना मधल्या महिन्यांचा विचार न करणं

भारतातून पहिल्यांदाच जाणारा विद्यार्थी विद्यापीठाच्या लेखी ट्रान्स्फर असला, तरी व्हिसासाठी नवाच असतो : नवा आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठाकडून मिळणारा दाखला), सेविसचं (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) शुल्क, मुलाखत, सगळं. अमेरिकेत आधीच एफ-१ वर शिकणाऱ्याची सेविस नोंद मात्र एका कॉलेजातून दुसऱ्याकडे सोडली जाते. ती कोणत्या तारखेला सोडायची हे जुन्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी बोलून ठरवायचं असतं. ही तारीख विचार करून घ्या, कारण त्या दिवसापासून जुन्या कॅम्पसवरची नोकरी बंद होते आणि ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाशी निगडित कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, काम करत असाल तर ती परवानगीही संपते.

नोंद सोडल्यापासून किंवा आधीचा अभ्यासक्रम संपल्यापासून, जे आधी घडेल तिथून, ५ महिन्यांच्या आत नवे वर्ग सुरू व्हायला हवेत. मे महिन्यात निघून सप्टेंबरमध्ये सुरुवात केली तर ते बसतं. मेमध्ये निघून पुढच्या जानेवारीचा प्रवेश घेतला तर बसत नाही; मग नव्यानं आय-२० काढून सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते. नव्या ठिकाणी पोचल्यावर आय-२०वरच्या सुरुवातीच्या तारखेपासून १५ दिवसांत तिथल्या कार्यालयात नोंद करा. हे नियम बदलत असतात, त्यामुळे मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर न जाता कार्यालयालाच विचारा.

शिष्यवृत्ती आणि खोली गृहीत धरणं

गुणवत्तेवरच्या मोठ्या शिष्यवृत्त्या बऱ्याच ठिकाणी फक्त पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी असतात. ट्रान्स्फरसाठी असलेल्या वेगळ्या शोधाव्या लागतात आणि त्यांची मुदत कधीकधी प्रवेशाच्या निकालाआधीच संपते. वसतिगृहाचंही तसंच : हमी नव्या मुलांना, उरलेल्या खोल्या आपल्याला. डिपॉझिट भरलं त्याच दिवशी खोलीचा अर्ज करा.

कॅम्पसवर पाहुण्यासारखं राहणं

पहिल्या सत्रात ग्रेड थोडे घसरणं इतकं नेहमीचं आहे, की संशोधक जॉन हिल्स यांनी १९६५ साली त्याला ‘ट्रान्स्फर शॉक’ हे नाव दिलं. बहुतेक मुलं नंतर सावरतात, हेही त्यांच्याच अभ्यासात होतं. म्हणून पहिल्या सत्रात सगळे जड विषय एकदम घेऊ नका. मात्र एफ-१वर असाल तर १२ क्रेडिटच्या खाली जाता येत नाही. क्वार्टरवाल्या विद्यापीठात १० आठवड्यांत सत्र संपतं आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच मिडटर्म येते; सेमिस्टरची सवय असलेल्यांना हे फार अंगावर येतं.

वर्ग भरलेले सापडतील, कारण नोंदणीत आपला नंबर शेवटी लागतो. प्रतीक्षा यादीत नाव घाला, पहिल्या तासाला जाऊन बसा, प्राध्यापकांना भेटा. पहिल्या दोन आठवड्यांत पुष्कळ मुलं विषय सोडतात.

इतरांचे गट पहिल्या वर्षीच जमलेले असतात. त्यात कुणी आपणहून हाक मारेल याची वाट पाहत बसलात तर एक वर्ष निघून जातं, आणि तुमच्याकडे दोनच आहेत. संघटनांचा मेळा सत्राच्या सुरुवातीलाच असतो, तो चुकवू नका. दहा ठिकाणी नाव देण्यापेक्षा एकच निवडा आणि दर आठवड्याला जा. बर्कली, यूसीएलए (लॉस एंजेलिस) यांसारख्या अनेक ठिकाणी ट्रान्स्फर विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. तिथे बसणाऱ्यांना तुमची अडचण समजावून सांगावी लागत नाही, कारण त्यांनीही हेच पाहिलेलं असतं.

इंटर्नशिपची घाई मात्र करा. पुढच्या उन्हाळ्यासाठी मोठ्या कंपन्या निवड करतात ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तुम्ही खोली लावत असता तेव्हाच. रेझ्युमे उन्हाळ्यातच तयार ठेवा. नव्या विद्यापीठात जीपीए बहुतेक वेळा कोऱ्या पाटीवर सुरू होतो, त्यामुळे पहिल्या सत्रात दाखवायला आकडाच नसतो. तिथे आधीच्या कॉलेजचं नाव आणि तिथला जीपीए स्पष्ट लिहा. करिअर सेंटर त्याची मांडणी तपासून देतं. संशोधनात रस असेल तर प्राध्यापकांना लिहिण्यासाठी दुसऱ्या सत्राची वाट पाहू नका. ज्यांच्या वर्गात बसताय त्यांच्यापासून सुरुवात करा, त्यांचा एखादा लेख वाचून जा आणि आठवड्याला किती तास देऊ शकता ते पहिल्याच भेटीत सांगा.