नोकरीसाठी पुण्यात येताय? घर घेताना या चुका टाळा

लातूर, सोलापूर, नांदेड, कोल्हापूर, नागपूर, गाव कुठलंही असो. पोराला किंवा पोरीला हिंजवडीत, खराडीत नोकरी लागली की पहिला पगार जमा व्हायच्या आत घरून विचारणा सुरू होते, "फ्लॅट बघितला का?" भाडं म्हणजे पैसे पाण्यात, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. आई-बापाची त्यामागची काळजी खरी असते, पण त्या घाईपायी पुढची वीस वर्षं ओढाताणीत गेलेली कुटुंबं मी जवळून पाहिली आहेत.

म्हणून आधीच सांगतो. नव्या शहरात पहिलं वर्ष भाड्याने राहा. जिथे घर घ्यायचा विचार आहे त्याच भागात एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढा. मग एका पगारावर झेपेल एवढं घर घ्या.

आल्या आल्या बुकिंग करणं

नवी नोकरी टिकेल का, प्रोजेक्ट बदलला तर बंगळुरूला जावं लागेल का, यातलं काहीच पहिल्या काही महिन्यांत कळत नाही. आणि घर घेऊन तीन वर्षांत विकायची वेळ आली तर काय होतं, ते आकड्यांत बघा. ६० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता बसतो साधारण ५२ हजार. तीन वर्षांत तुम्ही पावणेएकोणीस लाख भरता आणि मुद्दल फिटतं जेमतेम ३ लाख ९० हजार. बाकी सगळं व्याज. मुद्रांक शुल्क गेलं ते वेगळंच. घराचा भाव तेवढा वाढला नाही, तर भाडं वाचवायच्या नादात भाड्यापेक्षा जास्त गेलेलं असतं.

भाड्याने राहताना ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्रात ती नोंदणी सक्तीची आहे.

ऑफिसचा पत्ता बघून जागा ठरवणं

कंपनी जागा बदलते, तुम्ही कंपनी बदलता. एका ऑफिससाठी घर घेण्यापेक्षा पट्टा धरून घ्या. हिंजवडीचा पट्टा म्हणजे वाकड, ताथवडे, पुनावळे, बाणेर, बालेवाडी. पूर्वेचा पट्टा म्हणजे खराडी, मुंढवा, केशवनगर, मगरपट्टा, हडपसर. एका पट्ट्यात राहिलात तर नोकरी बदलली तरी बहुतेक वेळा घर बदलावं लागत नाही. वाघोलीत स्वस्त मिळालं म्हणून घेतलं आणि नोकरी हिंजवडीत, असं झालं तर रोज अख्खं शहर ओलांडायचं.

नवरा-बायकोची ऑफिसं दोन टोकांना असतील तर ज्याला रोज जावं लागतं किंवा ज्याला परत येऊन मुलाला पाळणाघरातून आणायचं असतं, त्याच्या बाजूला घर बघा. मधोमध घेतलं की दोघांचाही वेळ जातो, असा अनुभव बरेच जण सांगतात.

रविवारी सकाळी साइट बघायला गेलं की हिंजवडीकडे जाताना लागणारा भूमकर चौक मोकळा मिळतो आणि सेल्सवाला म्हणतो, "ऑफिस दहा मिनिटं." तोच रस्ता जुलैच्या पावसात, मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी नऊला दुचाकीवरून करून बघा. मेट्रोच्या बाबतीतही तसंच. हिंजवडी ते शिवाजीनगर ही सुमारे २३ किलोमीटरची मार्गिका प्रत्येक जाहिरातीत असते. तुमच्या दारापासून स्टेशन पायी किती आणि मधे फूटपाथ आहे का, हे स्वतः चालून बघा.

पाण्याची चौकशी न करणं

पुण्यात घर घेताना सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, असं मला वाटतं, कारण ती दर महिन्याला पैसे मागते. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी आहे. पुणे महापालिकेत २०२१ साली २३ गावं आली. त्यात वाघोली, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, नऱ्हे, पिसोळी, मांजरी बुद्रुक अशी झपाट्याने वाढलेली गावं आहेत. हद्द एका आदेशाने वाढते, जलवाहिन्या टाकायला वर्षं लागतात. तोवर पाणी द्यायची जबाबदारी बिल्डर हमीपत्रावर घेतो. एकदा सोसायटी ताब्यात दिली की टँकरचं बिल रहिवाशांवर येऊन पडतं.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या सुमारास त्या सोसायटीच्या गेटवर जाऊन उभे राहा. टँकर किती येतात ते मोजा. वॉचमनशी दोन शब्द बोला, मग सेक्रेटरींना गाठून मेंटेनन्सच्या हिशेबातला टँकरचा आकडा विचारा. गुळगुळीत उत्तर आलं तर त्याच इमारतीत भाड्याने राहणाऱ्या कुणाला तरी विचारा, तो सरळ सांगतो. बोअर किती खोल आहे, मार्चनंतर त्याला पाणी राहतं का, महापालिकेचा नळजोड प्रत्यक्ष आहे की नुसता अर्ज केलेला आहे, हे तिन्ही प्रश्न ठरलेले असू द्या.

पावसाळ्यात उलट बाजूनेही बघायला हवं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने हाहाकार केला. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरलं. नदी किंवा ओढ्याकाठची जागा असेल तर ती निळ्या पूररेषेत (साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) येते का, लाल पूररेषेत (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) येते का, हे नकाशावर बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. बाल्कनीतून नदी दिसते म्हणून जादा दर मागतात, तिथे तर नक्कीच.

बँक देते तेवढं कर्ज घेणं

बँक दोघांचे पगार धरून पात्रता काढते. बाळंतपण, आजारपण, नोकरीतली कपात यांचा हिशेब ती करत नाही, तो आपणच करायचा. दोघं कमावते असलात तरी हप्ता एकाच्या पगारातून जाऊन घर चालेल, असंच घर बघा. एकच कमावता असेल तर हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर थांबा.

दुसरं म्हणजे, वरचा खर्च लोक विसरतात. ७५ लाखांचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरा. बँक ८० टक्के, म्हणजे ६० लाख देणार. १५ लाख तुमचे. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क सव्वापाच लाख, नोंदणीचे ३० हजार, ५ टक्के जीएसटी पावणेचार लाख. म्हणजे हातात सव्वाचोवीस लाखांच्या वर रोख पाहिजे आणि अजून पंखेसुद्धा लागलेले नाहीत. घर एकट्या महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क १ टक्क्याने कमी होतं. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नसतो. भाडं आणि हप्ता एकाच वेळी भरावा लागू नये, हाही तयार घराचा मोठा फायदा. तुमच्या पहिल्या घरासाठी मी तयारच सुचवेन.

"आई-बाबा येतील, थ्री बीएचकेच घेऊ" हा विचार प्रेमाचा आहे. पण आधी त्यांना विचारा. ज्यांचं शेत, शेजार, देऊळ गावात आहे, ते बहुतेकदा दिवाळीला आणि नातवाच्या बारशाला येतात आणि पंधरा दिवसांत परत जायचं म्हणतात. वर्षातल्या दीड महिन्यासाठी वीस-पंचवीस लाखांची खोली घेण्याऐवजी दवाखाना जवळ असलेलं, लिफ्टला जनरेटर असलेलं टू बीएचके त्यांनाही सोयीचं पडतं.

डाउन पेमेंटसाठी शेत विकणं

इथे मात्र कळकळीने सांगतो, थांबा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सगळं रान विकून सातबाऱ्यावरून नाव गेलं, की उद्या पैसे आले तरी पुन्हा शेत घेणं फार अवघड होतं. शिवाय वडिलांच्या म्हातारपणाचा आधारही गेलेला असतो. लहान घर घ्या, दोन वर्षं उशिरा घ्या.

कागद न बघणं

थोडक्यात सांगतो. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख आणि ती किती वेळा वाढवली ते बघा. दर विचारताना कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळावरच विचारा. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला मागा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतले इंडेक्स टू (नोंदवलेल्या खरेदीचा गोषवारा) काढले की शेजारच्याने खरोखर कितीला घेतलं ते कळतं, आणि घासाघीस करायला तोच आकडा उपयोगी पडतो.

चूक होऊन गेली असेल तर

जागा चुकली असेल तर लगेच विकायला काढू नका. ते घर भाड्याने द्या आणि ऑफिसच्या पट्ट्यात स्वतः भाड्याने राहा. दोन्ही भाड्यांतला फरक रोजच्या तीन तासांच्या प्रवासापेक्षा स्वस्त पडतो. हप्ता जड जात असेल तर बँकेकडून मुदत वाढवून घ्या आणि बोनस आला की मुद्दलात भरा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क लागत नाही. ताबा रखडला असेल तर रेरा कायद्याच्या कलम १८ खाली दोन मार्ग आहेत. प्रकल्पातून बाहेर पडून सगळे पैसे व्याजासह परत मागा किंवा ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागा. तक्रार ऑनलाइन करता येते. करारनामा, पैसे भरल्याच्या पावत्या आणि बिल्डरशी झालेले ईमेल आजच एका फाइलमध्ये लावून ठेवा आणि यापुढे त्याच्याशी फोनवर जे बोलणं होईल ते त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवत चला.