बेसिक कोर्सला निघालात? बर्फावर या चुका टाळा

उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट असो, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट (एचएमआय) असो की मनालीची संस्था, गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला पुण्या-मुंबईची, नाशिकची मुलंमुली हमखास भेटतात. दम चांगला असतो, कातळावर हातही बसलेला असतो. बर्फावर उभं राहिलं की मात्र तेच तेच गोंधळ. निघण्याआधी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगत बसतो, म्हणून आता लिहूनच काढलं.

घाबरलं की खाली बसणं

ही खास सह्याद्रीची खोड. घसाऱ्यावर पाय सरकू लागला की आपण बूड टेकतो, हात मागे रोवतो आणि सरपटत उतरतो. पँट फाटते, पण मुरूम आणि गवत आपल्याला धरून ठेवतं. कडक बर्फ असं काही धरत नाही. तुम्ही मागे रेललात की टाचेवरचं वजन जातं, पाय सुटतो, आणि वरून ती गुळगुळीत वॉटरप्रूफ पँट. दोन-तीन सेकंदांत वेग आवाक्याबाहेर जातो. उतरताना गुडघे सैल ठेवा, अंग थोडं पुढे घ्या आणि टाच ठोकून पूर्ण वजन तिच्यावर टाका. भीती वाटेल तेव्हा तर नक्कीच पुढे व्हा. हे अंगात मुरायला वेळ लागतो. म्हणूनच इन्स्ट्रक्टर एकाच उतारावर तासन्‌तास वर-खाली चालवतात. "नुसतं चालायला शिकवतात, क्लाइंबिंग कधी?" अशी कुरकुर करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ते चालणं हाच अर्धा कोर्स आहे.

याच खोडीचा दुसरा अवतार आणखी वाईट. एका कोर्सला आमच्या रोपमध्ये (एका दोरावरच्या गटात) आपल्याकडचाच एक मुलगा होता, सुळके चढलेला, तब्येतीने दणकट. दुपारचं सत्र संपलं होतं, बर्फ मऊ पडला होता, खाली तंबू दिसत होते. पुढच्या मुलांनी क्रॅम्पॉन (बुटाखाली पट्ट्यांनी बांधायचे धातूचे दात) काढून पाठीला लावले आणि बसून घसरत मजेत खाली गेली. याला पट्टे सोडायचा कंटाळा आला. बोटं गारठली होती, उतारही सौम्य होता. तसाच बसला. पाच-सहा मीटर गेला असेल, तेवढ्यात डाव्या पायाचे दात बर्फात रुतले. पाय तिथेच राहिला, अंग पुढे गेलं. घोटा मोडल्याचा आवाज वर उभ्या असलेल्या आम्हालाही ऐकू आला. मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या, दगडांमधून स्ट्रेचर खाली न्यायला अंधार पडला. त्याचा कोर्स तिथेच संपला. पट्टे सोडायला फार तर दोन मिनिटं लागली असती.

तेव्हापासून माझा नियम एकच: क्रॅम्पॉन पायात असेपर्यंत ढुंगण बर्फाला लावायचं नाही. गंमत म्हणून नाही, दोन पावलांसाठीही नाही.

आइस अ‍ॅक्स भलत्याच हातात

तिरकं चढताना अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) कायम डोंगराकडच्या हातात हवी. नागमोडी चढताना वळण आलं की हात बदलायला हवा, आणि दहातले आठ जण तो बदलत नाहीत. मी वळणावर थांबतो, अ‍ॅक्स रोवतो, दोन्ही पाय पक्के करतो आणि तोंडाने "हात!" म्हणून मगच वळतो. शेजारचे बघतात, बघू द्या.

सेल्फ अरेस्ट, म्हणजे घसरताना कुऱ्हाडीने स्वतःला थांबवणं, सगळ्यांना आवडतो, कारण त्याचा फोटो छान येतो. पण घसरल्यावरचा तो शेवटचा उपाय आहे. रुंद पातं खांद्याजवळ, दांडा छातीवर तिरका, दुसऱ्या हातात खालचं टोक झाकलेलं, आणि छातीचं वजन अणकुचीदार टोचीवर. पायात क्रॅम्पॉन असतील तर पावलं वर उचलायची, नाहीतर दात अडकून कोलांटी बसते. फक्त सोयीच्या बाजूने सराव करू नका. डाव्या बाजूने करा, डोकं खाली ठेवून पाठीवर घसरत करा. खरं पडताना बाजू निवडायला मिळत नाही.

डोकेदुखी लपवणं

पुढे अ‍ॅडव्हान्स कोर्सला जायचं तर बेसिकला 'ए' ग्रेड लागते. त्या धास्तीने मुलं दुखणं गिळतात, गुपचूप गोळ्या घेऊन लोड फेरीला (सामान वरच्या तळावर पोहोचवायला) उभी राहतात. डोकं दुखत असताना आणखी उंची गाठणं म्हणजे जिवाशी खेळ. उलटी झाली, तोल जायला लागला, तर लगेच सांगा, रात्र असली तरी. ग्रेड पुढच्या वर्षीही मिळवता येते.

बूट आणि मोजे

थंडी वाजेल म्हणून दोन जाड मोजे घालून बूट आवळणाऱ्यांचीच बोटं आधी बधिर होतात. बोटं हलायला जागा हवी, तरच रक्त पोहोचतं. स्टोअरमधून बूट घेताना घाई करू नका. बर्फावर घालणार तेच मोजे घाला, पायऱ्यांवरून उतरून बघा. अंगठा पुढे आपटला तर तिथल्या तिथे बदलून मागा. रांग मागे खोळंबली तरी चालेल.

बाकीचं थोडक्यात. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पहिल्या चढालाच फेदर जॅकेट घामाने भिजवलंत तर थांबल्यावर कुडकुडाल. ढग आले तरी गॉगल काढू नका. हातमोज्यांचा दुसरा कोरडा जोड रकसॅकच्या तळाशी ठेवून उपयोग नाही. क्रॅम्पॉनखाली बर्फाचा गोळा साचला की अ‍ॅक्सच्या दांड्याने बुटावर ठोका. गेटरचे (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायच्या आवरणाचे) पट्टे लोंबू देऊ नका, दात त्यातच अडकतात.

आणि चार दिवसांचा हिवाळी ट्रेक मायक्रोस्पाइक (बुटावर ओढून चढवायचे छोटे दात) लावून केला म्हणजे बर्फ कळला, असं समजू नका. ते पायवाटेवरच्या निसरड्या बर्फासाठी ठीक आहेत. त्यांना पुढचे दात नसतात आणि तिरक्या कडक उतारावर ते बुटावरून सरकतात.

निघायला महिना उरला असेल तर महागडी जॅकेटं बघत बसण्यापेक्षा रोज रात्री दिवा घालवून, जाड हातमोजे घालून बुटाची नाडी बांधा. मग हार्नेसचं बकल लावा, मग फिगर ऑफ एटची गाठ मारा.