आठने भागायचं की दहाने?

नोकरीला लागून तीन महिने झाले होते. एका सीएच्या ऑफिसात बॅकअप घ्यायला पाठवलं होतं. साधारण २०० जीबी डेटा, वर यूएसबी २.० ची बाहेरची डिस्क. साहेबांनी विचारलं, "किती वेळ लागेल रे?" मी मनातल्या मनात ४८० ने भागाकार केला आणि ठोकून दिलं, "सात-आठ मिनिटं, सर. चहा होईपर्यंत."

चहा झाला, दुसराही झाला, कॉपीची हिरवी पट्टी जेमतेम दहा टक्क्यांवर. काम आटपलं पावणेदोन तासांनी. शिपाई शटर अर्ध्यावर ओढून माझ्याकडे बघत उभा होता.

यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८०, पण ते मेगाबिटचे होते, मी मेगाबाइट धरले. आठ बिटांचा एक बाइट. आठने भागले की ६०, आणि डेटा पोचवण्यासाठी लागणारा वरचा सगळा व्यवहार वजा जाता हातात पडतात तीस-पस्तीस. आता ३३ ने २,००,००० एमबीला भागून बघा, सहा हजारांवर सेकंद होतात.

या चुकीत आपल्या बोलण्याचाही हात आहे. इंग्रजीत लिहिताना बिटचा बी छोटा आणि बाइटचा मोठा, एवढी तरी खूण असते. आपण तोंडाने दोन्हीला "एमबी"च म्हणतो. म्हणून ब्रॉडबँडचा १०० चा प्लॅन घेतलेला गिऱ्हाईक "डाउनलोडला बाराच येतंय" म्हणून भांडायला येतो. त्याचे बारा बरोबरच असतात. माझ्या हाताखाली नवीन मुलं आली की पहिल्या दिवसापासून "मेगाबिट", "मेगाबाइट" असं पूर्ण बोलायला लावतो. हसतात सुरुवातीला.

शिकायला सुरुवात मात्र मोडेमपासून करा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या जुन्या डब्यापासून. आकडे छोटे, कागदावर मावतात. ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटांच्या मोडेमचं व्ही.९० हे मानक १९९८ चं. त्यातले ५६ कुठून आले? टेलिफोन एक्स्चेंज तुमच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतं, प्रत्येक ८ बिटांचा, म्हणजे ६४,०००. मोडेमला त्यातले सातच बिट भरवशाचे मिळतात, म्हणून ५६,०००. आठने भागा, सेकंदाला ७,००० बाइट. तेही तार स्वच्छ असेल तर. आमच्याकडे कनेक्शन चाळीस-पंचेचाळीसला लागायचं आणि डाउनलोडच्या खिडकीत पाच किलोबाइटच्या आसपास आकडा दिसला तरी आम्ही खूश.

आता गंमत. जुने लोक मोडेमचा वेग आठने नाही, दहाने भागायचे, आणि त्यांचं बरोबर होतं. प्रत्येक अक्षराच्या आधी एक स्टार्ट बिट, मागे एक स्टॉप बिट, मधे आठ. ९६०० चा वेग म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. पुढे व्ही.४२ ची चूकदुरुस्ती आल्यावर दोन मोडेममधल्या प्रवासात हे स्टार्ट-स्टॉप गळले, तिथे आठ चालू लागले. कॉम्प्युटर आणि मोडेममधल्या सिरीयल केबलवर दहाच राहिले. हे इतिहासजमा झालं असं समजू नका. आजही नेटवर्क स्विचच्या कन्सोल पोर्टला (सेटिंगसाठीच्या सिरीयल खाचेला) ९६०० वर जोडून सेटिंगची लांबलचक यादी मागवा, ओळी एकेक करून उतरताना डोळ्यांना दिसतात. तेच हे ९६०.

स्टोरेजकडे वळलं की हाच दहा पुन्हा भेटतो, पण वेगळ्या कारणाने. साटा म्हणजे डिस्क कॉम्प्युटरला जोडायची तार, साटा ३ चा वेग ६ गिगाबिट. एका शिकाऊ मुलीने मला खोक्यावरचे ६०० दाखवून विचारलं, "सर, हे ७५० नको का?" प्रश्न अगदी योग्य. साटा प्रत्येक ८ बिटांसाठी तारेवर १० बिट पाठवतं. सलग शून्यं किंवा सलग एक आले तर समोरच्याला ताल धरता येत नाही, म्हणून हे जास्तीचे दोन. त्यामुळे १.५ चे १५०, ३ चे ३००, ६ चे ६०० मेगाबाइट. यूएसबी ३.० च्या ५ गिगाबिटचे ५०० तसेच. त्याआधीच्या चपट्या पट्टीवाल्या एटीए १३३ मधले १३३ थेट मेगाबाइटचे होते, तिथे काहीच भागायचं नाही. पीसीआयई, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड जोडायची वाट, तिच्या ३.० पासून १२८ बिटांमागे फक्त दोन जास्तीचे जातात, म्हणजे पुन्हा जवळजवळ आठ. तिच्या एका लेनला (पदराला) साधारण ९८५ मेगाबाइट, चार लेनच्या एनव्हीएमईला, म्हणजे त्या वाटेवरच्या वेगवान एसएसडीला, ३,९०० च्या पुढे.

राहिला १००० की १०२४ चा घोळ. तारेवरचा किलो नेहमी १००० चा. डिस्क विकणाराही १००० नेच मोजतो, विंडोज १०२४ ने, म्हणून ५०० जीबीची डिस्क ४६५ दिसते. कोणी फसवलेलं नसतं. सगळ्यात अतरंगी आपली १.४४ ची फ्लॉपी, तिथे १४४० ला १०२४ ने गुणलंय. म्हणजे अर्धं एका मापात, अर्धं दुसऱ्या.

मुलाखतीला मी हमखास विचारतो: ७०० एमबीची सीडी ५६ के वर उतरवायला किती वेळ, आणि साटा ३ वर किती? एमबी १०२४ चा धरला तर ७३,४०,०३,२०० बाइट. मोडेमवर २९ तासांच्या थोडं वर, साटावर सव्वा सेकंद. इथवर बरीच मुलं पोचतात. मग मी म्हणतो, डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी, फिरती आहे. जो पेन खाली ठेवून "मग ६०० कुठून येणार सर, ती स्वतःच दीडशे-दोनशे देते" म्हणतो, त्याला मी पुढचा प्रश्न विचारत नाही.